वेळापुऱ्यांची नजर

“रबर,” हे म्हणाले.

डोळे मिटलेले, उजवा हात पुढे केलेला आणि चिमटीत काचेची हिरवी बांगडी. आमच्याच दुकानातली. मीच पिशवीतून आणलेली.

“घाई नाही काका,” समोरची मुलगी म्हणाली. “परत एकदा फिरवून सांगा.”

ह्यांनी बांगडी परत फिरवली. “रबरच. डब्याच्या झाकणाला असतं ना, तसलं.”

मग डोळे उघडून पाहिलं. कुणाची तरी वस्तू चुकून आपल्या पिशवीत यावी तशी ती बांगडी त्यांनी टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, “चल. बाराची एसटी मिळेल.”

मी जागची हलले नाही. एसटी काय, दर तासाला असते.

बार्शीच्या कासार गल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. काच, लाख, बेन्टेक्स सगळं मिळतं. पण गावात नाव आहे ते लग्नाच्या चुड्यासाठी. नवरीचा हात कितीही ताठ असो, मुरलीधर वेळापुऱ्यांनी धरला की काच लोण्यातून सरकल्यासारखी जायची. अंगठ्याखालचं हाड दाबायचं, कुठे किती लवतं ते बोटांनी ओळखायचं, की माप ठरलं. दुकानात मापपट्टी होती, पण तिच्यावर आम्ही उदबत्ती लावायचो.

आणखी एका गोष्टीसाठी आमचं नाव होतं. चारचौघांत परक्या बाईचा हात धरायचा हक्क गावात फक्त कासाराला. म्हणून माझ्या सासऱ्यांनी घरात एक नियम केला होता. बाईने हात दिलाय, नजर दिलेली नाही. भरताना हाताकडे बघायचं नाही. नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीवर ठेवायची आणि बोटांना त्यांचं काम करू द्यायचं. हे शिकत होते तेव्हा सासरे मागे हातपंखा घेऊन बसत. नजर खाली गेली की पंख्याची दांडी मानेवर. त्यामुळे ह्यांना बार्शीतल्या सगळ्या बायकांचे हात पाठ होते, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातले सगळे सण. बायका हसायच्या, पण लेकीसुनांना घेऊन आमच्याकडेच यायच्या. ही वेळापुऱ्यांची नजर.

तर असा माणूस काचेला रबर म्हणत होता.

श्रावणात, ऐन गर्दीत, फळीवरून बांगड्यांचा खोका निसटला. हे तो धरायला गेले आणि काच ह्यांच्या उजव्या मनगटात शिरली. सोलापूरला ऑपरेशन झालं, नस जोडली. डॉक्टर म्हणाले, नस हळूहळू वाढत बोटांपर्यंत जाईल, धीर धरा. दुकान बंद ठेवून आम्ही दिवाळी, संक्रांत धीर धरला. फाल्गुनात बोटांना कळायला लागलं. पण कळायचं ते भलतंच. पहिल्या बोटाला सुई टोचली तर हे मधलं बोट चोखायचे. गुळगुळीत ते चिकट लागायचं, गार ते ओलं.

म्हणून त्याच दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या या मुलीकडे आलो होतो. श्रीलता बोल्ली. सोलापूरचीच, विणकरांच्या घरातली. वय आमच्या मुलीएवढं, आवाज मात्र हेडमास्तरीण बाईंचा.

“काका, नस चांगली जोडली गेलीय. फक्त वायरमनने आतल्या तारा अदलाबदल केल्यात. बेडरूमचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा लागतो.”

“मग परत उघडून सरळ करा.”

“तारा नाही बदलता येत. घर शिकतं. डोक्यातलं घर. त्याला कळतं, की हा दिवा लागला म्हणजे ते बटण दाबलंय.”

“या वयात?” हे म्हणाले. “आता काय शिकायचं राहिलंय त्या डोक्याने?”

“मोबाईल कधी घेतलात?”

“मागच्या साली.”

“मग?”

मला ही मुलगी आवडली. ह्यांना दोन शब्दांत गप्प करणारं माणूस मी लग्नानंतर प्रथमच पाहत होते. मला कायम पाच-सहा लागतात.

तिने खुर्ची पुढे ओढली. “माझी आजी विड्या वळायची. टीव्ही बघत, भांडत, झोपेतसुद्धा. मला वाटायचं तिच्या बोटांना डोळे आहेत. शिकायला गेले तेव्हा कळलं, बोटं एकटी काही करत नाहीत. आपल्याला वाटतं, बोटाने शिवलं, निरोप वर गेला, संपलं. पण तेवढेच निरोप वरून खालीही येत असतात. मेंदू आधीच सांगून ठेवतो, आता काच येणार, गार असेल, कडेला धार असेल, बघ बरं. तो असा विचारतो म्हणून बोटाचं बारीक बोलणंसुद्धा त्याला ऐकू येतं. तुम्ही हाड दाबून माप ओळखायचात ना? अर्धं माप दाबायच्या आधीच वरून यायचं.”

“आणि आता?”

“आता त्याने विचारणंच सोडलंय. इतके महिने विचारलं, उत्तर आलं नाही. कोण विचारत बसेल? आणि आता उत्तरं यायला लागलीत तर ती चुकीच्या दारातून येतात. आपल्याला त्याला परत विचारायला लावायचंय.”

उपाय अगदीच घरगुती निघाला. परातीत तांदूळ घ्यायचे, त्यात किल्ली, सुपारी, बटण, बांगडी पुरायची. एकेक वस्तू काढायची. आधी तिच्याकडे बघत बोटांनी चाचपायची. मग डोळे मिटून तीच चाचपायची आणि मनात आणायचं, आत्ता काय बघितलं. मग परत बघायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

“डोळे हे शिक्षक,” श्रीलता म्हणाली. “त्यांनी सांगितलं तरच डोकं तारा लावणार.”

बार्शीला आल्यावर ह्यांनी व्यायाम सुरू केला. एकही खेप चुकवली नाही, ना घरची ना सोलापूरची, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. मी शेजारी बसून डाळ निवडायची आणि हे तांदळात हात घालून बसायचे. चैत्र लागला. किल्ली अजून बटणच होती आणि सुपारी तर रोज नवीन काहीतरी व्हायची. एकदा तिला हे खडीसाखर म्हणाले. मी म्हटलं, “खाऊन बघा.” हसले नाहीत.

पाडव्यानंतर श्रीकांतभाऊजी आले. माझे धाकटे दीर, मोंढ्यात त्यांचं मोबाईलच्या कव्हरचं दुकान. दारातच म्हणाले, “चहा नको हं वहिनी, आत्ताच झालाय.” असं म्हणून येणाऱ्याला काहीतरी न्यायचं असतं, हा माझा जुना अनुभव. मी आधण ठेवलं.

“दादा, मी काय म्हणतो,” दुसऱ्या कपाला ते बोलले, “दुकान असं बंद ठेवून काय उपयोग? मला द्या. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त चांगलाय. बांगड्यांचा एक कोपरा ठेवू की, तयार सेटचा. घालायला लागत नाहीत, बायका घरी नेऊन घालतात.”

ह्यांनी उजवा हात मांडीखाली सरकवला.

“पोरीबाळींच्या हातात काच जायची, दादा. कशाला तळतळाट? आणि एकदा घट्ट झालेलं डोकं काय परत मऊ होतंय? काच झाली की झाली.”

“भाऊजी,” मी म्हटलं, “दुकानात फक्त काचेच्याच बांगड्या असतात का? लाखेच्याही असतात. ऊब दिली की वळतात.”

“वहिनी, तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकणार?”

“कुणी नाही. चहा घ्या अजून.”

पण ते गेल्यावर हे म्हणाले, “श्रीकांतचं खोटं नाही. तृतीयेला त्याला किल्ली देऊ.”

किल्ली. जी ह्यांना मिटल्या डोळ्यांनी बटण वाटत होती.

त्याच आठवड्यात तोडकरीकाकू आल्या. धान्याच्या आडतीतलं घर, बाई मोठी खमकी. त्यांच्या घरातल्या प्रत्येक पोरीचा चुडा आमच्याकडूनच भरलेला. त्यांनी पदरातून अक्षत काढून माझ्यापुढे ठेवली.

“ज्येष्ठात मेघनाचं लग्न हाय. चुडा मुरलीमामांनीच भरायचा.”

“काकू, हाताचं तुम्हाला माहीत आहे...” हे सुरू झाले.

“माहीत हाय की. ज्येष्ठाला अवकाश हाय. आमच्या म्हशीचा मोडका पाय तेवढ्यात नीट झाला होता.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्षत उचलून देवापुढे ठेवली.

काकू गेल्यावर घरात जे झालं ते सगळं सांगत नाही. “तुला कळतं का?” हे ओरडले. “लग्नाच्या दिवशी पोरीच्या हातातून रक्त काढू? सासऱ्याचं नाव घालवू? दोनशे बायका बघत असतात!”

“सासरे माझे. तुमचे वडील.”

“तेच म्हणतोय मी!”

मी दिवा मालवला. पण खरं सांगते, त्या रात्री मी दोनदा उठून देवापुढची अक्षत बघून आले. अक्षत परत करता येत नाही, आणि ह्यांची बोटं जिथल्या तिथे होती. रोज तीन वेळा तांदूळ, रोज तेच. मेहनत पुरी होत होती आणि हाती काही लागत नव्हतं. अशा वेळी माझी एक खोड आहे. फुटकं भांडं शोधायचं. पाणी जातंय म्हणजे कुठेतरी भोक आहेच.

दुसऱ्या दिवसापासून मी डाळ निवडायचं सोडून ह्यांनाच निवडायला लागले.

हात परातीत गेला. किल्ली निघाली. “आता बघतोय,” हे स्वतःशीच म्हणाले, आणि बोटं किल्लीवर फिरू लागली. डोळे टक्क उघडे होते. फक्त ते किल्लीवर नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर होते.

मी मागे वळून पाहिलं. हनुमान जयंती शनिवारी होती.

दोन दिवस मी काही बोलले नाही. चूक एकदा दिसली तर ती आपलीही असू शकते. वस्तू तांदळातून निघाली की नजर तिच्यावर पडायची. पण बोटं ती वाचायला लागली की डोळे आपोआप वर. प्रत्येक वेळी. तिसऱ्या दिवशी, बोटं फिरत असताना मी हळूच किल्ली काढून घेतली आणि तिथे सुपारी ठेवली.

“काय आहे?” मी विचारलं.

“किल्ली. बघतोय की!”

“बघा बरं.”

खाली बघून ते किती तरी वेळ त्या सुपारीकडे पाहत राहिले.

“अहो,” मी म्हटलं, “शिक्षक वर्गात येतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. पोरं काय शिकणार?”

“मी मुद्दाम नाही गं करत.”

“माहीत आहे. मामंजी करतात.”

त्यांचा डावा हात नकळत मानेवर गेला. दांडी बसायची नेमकी तिथे.

मी सोलापूरला फोन लावला. श्रीलता आधी हसली. “काकू, मी इतक्या वेळा बसले त्यांच्यासमोर. पण माझं सगळं लक्ष त्यांच्या हाताकडे. डोळ्यांकडे मी पाहिलंच नाही.” मग म्हणाली, “बघायला लावा. कसंही करून. जिथे त्यांना बघायची चोरी नाही, असं काहीतरी द्या.”

ह्यांनी प्रयत्न केला. नजर खाली धरून ठेवायचे, कपाळाला घाम यायचा, आणि बोट हललं की मान वर. एवढी वर्षं मुरलेलं. शेवटी परात बाजूला ढकलून म्हणाले, “नाही जमत. सोड.”

मी परात उचलली, पदराला हात पुसले आणि माझा उजवा हात त्यांच्यापुढे धरला.

“हे काय?”

“हात. परक्या बाईचा नाही, तुमच्याच घरातला आहे. याच्याकडे बघायला मामंजींची ना नसावी.”

“काहीतरीच.”

“दार लोटलंय. बघा.”

त्यांनी हात धरला. डोळे सवयीने वर निघाले आणि माझ्या तोंडापाशी येऊन अडकले. मग सावकाश खाली आले.

लग्न झाल्यापासून माझ्या सगळ्या बांगड्या ह्यांनीच भरल्या होत्या. नागपंचमीला, संक्रांतीला, डोहाळजेवणाला. त्यांना माझं माप माझ्यापेक्षा पाठ होतं. मी हात द्यायची आणि हे कॅलेंडर वाचायचे. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. निदान वाटलं असेल तर मी ते कुठे मांडून ठेवलं नव्हतं.

“हे काय गं?” मनगटाच्या आतल्या बाजूला बोट ठेवून त्यांनी विचारलं.

“चटका.”

“कसला?”

“तव्याचा.”

“कधी?”

“वन्सं पहिल्या बाळंतपणाला आल्या होत्या तेव्हा.”

हे हिशेब करू लागले. वन्संच्या त्या मुलीला आता मुलगी आहे.

“मला बोलली नाहीस.”

“त्याच संक्रांतीला याच हातात बांगड्या भरल्यात की तुम्ही. म्हणालात, हात जरा सुजल्यासारखा वाटतोय, एक माप मोठी, दोन-आठची घे.”

ह्यांनी मग करंगळी पाहिली, ती जरा वाकडी आहे. अंगठ्याखालचा तीळ पाहिला. विळीची जुनी खूण पाहिली. एखाद्या माणसाला स्वतःच्याच घरात नवीन खोली सापडावी तसे बघत होते. मी दुसरीकडे पाहिलं. त्या दिवशी कॅलेंडर मी वाचलं.

“आता मिटा डोळे,” मी म्हटलं, “आणि चटका शोधा.”

नाही सापडला. तिळापाशी बोट ठेवून म्हणाले, “हा.” “बघा,” मी म्हटलं. पाहिलं. परत मिटले.

पुढचा महिना-दीड महिना आमचा असा गेला. तयार माल विकायला सकाळी दुकान परत उघडायचं आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा हात धरून बसायचं. समोरच्या भांडीवाल्या रासनेवहिनींनी चार दिवस कळ काढली, पाचव्या दिवशी आल्याच.

“काय हो प्रमिलाताई, नव्याने लग्न ठरलंय का?”

“ठरतंय. बघण्याचा कार्यक्रम चालू आहे.”

अक्षय्य तृतीयेला भाऊजी मुहूर्ताला आले. आम्ही आमच्याच दुकानात एकमेकांचा हात धरून बसलेलो. ते उंबऱ्यावरच थांबले. “नंतर येतो,” म्हणाले, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच चहा न घेता गेले.

फरक कधी पडला? एका दिवसात नाही. आधी अंगठा खरं बोलायला लागला. मग मधलं बोट आपल्या जागेवर गेलं. पहिलं बोट मात्र शेवटपर्यंत लबाडी करत होतं. किल्ली किल्ली झाली. एके दिवशी बांगडी हातात घेऊन हे डोळे मिटूनच म्हणाले, “काच. आणि कडेला जरा कच्ची आहे, ही विकू नको.” मी बांगडी उजेडात धरली. खरंच कड खरबरीत होती.

मग ज्येष्ठ लागला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात दुपारी हे डोळे मिटून माझा हात चाचपत होते. चटका, तीळ, करंगळी, सगळं पटापट. मध्येच थांबले. चौथ्या बोटाचं पेर दोन बोटांत धरलं, हळू दाबलं.

“हे नव्हतं.”

“काय?”

“सूज. इथे. दुखतं ना?”

दुखत होतं. बरेच दिवस. सकाळी उठल्यावर बोट वळत नव्हतं, पण घरात एकाच्या हाताचं चाललेलं असताना दुसऱ्याने आपला कशाला काढायचा? मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बघून कळण्यासारखं ते नव्हतं.

“थोडंसं,” मी म्हटलं.

“थोडंसं नाही,” हे म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. “उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि चुड्याचं सामान काढ.”

तोडकऱ्यांच्या अंगणात मांडव होता. मेघना पाटावर बसली, भोवती बायकांचा वेढा. काकू मध्यभागी, पहारेकऱ्यासारख्या. भाऊजीही आले होते, मागे खांबाला टेकून उभे. मी बांगड्या पुसून एकेक देत होते.

ह्यांनी मुलीचा हात घेतला आणि थांबले. बायका पुढे झुकल्या.

“पोरी,” हे म्हणाले, “आमच्यात हाताकडे बघून भरत नाहीत. पण माझी बोटं अजून शिकतायत. बघून भरलं तर चालेल ना?”

मेघनाने डोळे मोठे केले. “मामा, रात्रभर हात ताठ ठेवून मेंदी काढलीय. तुम्ही नाही बघायची तर कुणी बघायची?”

बायका हसल्या. ह्यांनी नजर खाली केली. वेळापुऱ्यांच्या दोन पिढ्यांत पहिल्यांदाच. अंगठ्याखालचं हाड दाबलं, बघत. पंजा मुडपला, बघत. पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. एक वाढली, म्हणजे तडकली. सौभाग्याच्या बांगडीला आम्ही फुटली म्हणत नाही. मी हात पुढे केला. पण काच हातात शिरायच्या आत ह्यांच्या अंगठ्याने ती अलगद बाहेर काढली होती. डाव्या हाताचा चुडा पुरा झाला.

उजवा हात पुढे आला. मी बांगडी दिली आणि सहज ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नजर वर गेली होती.

मेघनाच्या खांद्यावरून पलीकडे, मांडवाच्या झालरीवर. तीच ती नजर, जिने आमचा चैत्र खाल्ला होता. “अहो,” मी कुजबुजले. त्यांना ऐकू आलं नाही. ते मेघनाला विचारत होते, “सासर कुठलं म्हणालीस? परांडा? तिथे आमचा एक चुलतभाऊ आहे, त्याचं दुकान चुकूनही गाठू नकोस.” मुलगी हसत होती, आणि बांगड्या जात होत्या. एकामागून एक, लोण्यातून सरकल्यासारख्या. ह्यांना ठाऊकही नव्हतं की आपण बघत नाही आहोत.

मी पुढची बांगडी दिली. त्यांना सांगितलं नाही.

चुडा भरून झाला तशी मेघनाने वाकून नमस्कार केला. ह्यांनी उजवाच हात तिच्या डोक्यावर ठेवला. मागे खांबापाशी भाऊजी डोळे पुसत होते आणि शेजारच्याला सांगत होते की मांडवात धूळ फार.

याला आता बरीच वर्षं झाली. सगळं परत आलं असं म्हणणार नाही. थंडीत पहिलं बोट अजून थापा मारतं. पण दुकान चालू आहे. श्रीलता तिच्याकडच्या नव्या पेशंटच्या आता आधी डोळ्यांकडे बघते म्हणे.

आणि दुकानात परक्या बायकांचा हात धरला, की वेळापुऱ्यांची नजर आजही भिंतीवर असते. फक्त संक्रांतीला गिऱ्हाईक संपलं, की मी समोर बसते. माझं माप तसं त्यांना पाठ आहे. डोळे बांधले तरी ते भरतील.

पण नजर खाली असते. अगदी शेवटची बांगडी जाईपर्यंत.